विमानालाही ठिगळ लागतं

भैंसा बसस्टँडवरून हैदराबादची गाडी धरून शमशाबादला आणि तिथून पुढं दुबई-मस्कतला जाणारे आपल्याकडं पुष्कळ. त्यातल्याच एकानं परवा मोबाईलवर खिडकीतून काढलेला फोटो दाखवला. विमानाच्या पंखावर चंदेरी पट्ट्या चिकटवलेल्या. “बघा काका, विमानाला चिकटपट्टी! आपली सायकल बरी.”

ती चिकटपट्टी खरी, पण तिच्या जोरावर पंख टिकलेला नसतो. तिला ‘स्पीड टेप’ म्हणतात. ॲल्युमिनियमची ही पट्टी वारा, पाणी आणि ऊन अडवते, भार पेलत नाही. बोइंग ७८७ च्या पंखांवरचा रंग अतिनील किरणांमुळं सुटायला लागला. पुन्हा रंगकाम होईपर्यंत उघडी पडलेली जागा झाकायची म्हणून या पट्ट्या आल्या. कुठं, किती लावायच्या याचेही नियम आहेत. दिसायला वाईट, एवढाच तिचा दोष.

खरी काळजी पट्टीच्या खालच्या वस्तूची. ७८७ च्या सांगाड्याचं जवळपास निम्मं वजन कंपोझिटचं, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थर राळेत बसवून, तापवून घट्ट केलेल्या पदार्थाचं. ते फुटलं तर वेल्डिंग चालत नाही. एक तर ठिगळ बोल्टनं जोडायचं, नाहीतर चिकटवायचं. “फायबरच्या टाक्या सांधतात तसंच ना?” असं लोक विचारतात. राळ आणि कापड दोन्हीकडं असतं, साम्य तिथंच संपतं.

त्यापेक्षा पंक्चरवाल्याकडं बघा. ट्यूब पाण्यात बुडवून तो बुडबुडे शोधतो, खूण करतो, जागा घासतो, पुसतो, सोल्युशन लावतो आणि थांबतो. नवख्या पोराची घाई इथंच होते. ओल्यावरच पॅच दाबला की संध्याकाळपर्यंत टिकतो, सकाळी चाक बसलेलं असतं.

विमानाच्या ठिगळाचंही मर्म हेच, फक्त दंडक कडक. खराब थर पायऱ्यापायऱ्यांनी किंवा उतरतं घासून काढतात. प्रत्येक थरातल्या धाग्याची दिशा टिपून नवा थर त्याच दिशेनं बसवतात. जागेला बोटाचा तेलकटपणा लागला तरी चिकटण्यात खोट येते, म्हणून हातमोजे. आत ओल राहिली तर तापवताना तिची वाफ होऊन थर फुगतात, म्हणून आधी वाळवण. राळ भरलेलं कापड साधारण उणे १८ अंशांत ठेवतात आणि फ्रीजरबाहेर ते किती तास राहिलं याची नोंद होते, कारण बाहेर राळ हळूहळू मुरत जाते. मग प्लॅस्टिकची पिशवी लावून हवा खेचतात आणि तापत्या चादरीनं, कापडाच्या जातीप्रमाणं, बहुधा १२० किंवा १७७ अंशांवर भाजतात. तापमान मोजणाऱ्या तारा पूर्ण वेळ लावलेल्या असतात.

मग सगळ्यांत पक्का गैरसमज येतो: काम झाल्यावर मशीन लावलं की कळतंच. मडकं वाजवून घ्यावं तसं कंपोझिटही ठोकून बघतात, पोकळ भागाचा आवाज बद्द येतो. अल्ट्रासाउंडनं आतली फटही सापडते. पण दोन थर एकमेकांना टेकलेत आणि चिकटलेले मात्र नाहीत, तर फटच नसते. मशीन ‘ठीक’ म्हणून मोकळं होतं. चिकटपणाची ताकद ठिगळ न तोडता मोजण्याची भरवशाची रीत आजही नाही. म्हणून महत्त्वाच्या भागावर चिकटवलेल्या ठिगळाच्या आकाराला मर्यादा घातलेली असते. ते पूर्ण निघून गेलं तरी उड्डाणात अपेक्षित असलेला मोठ्यात मोठा भार उरलेल्या भागानं पेलला पाहिजे. त्याहून मोठी जखम असेल तर बोल्ट मारा किंवा भागच बदला. आणि म्हणूनच तापमानाचा आलेख व फ्रीजरची नोंद नुसते कागद नाहीत. माझ्या मते आलेख हरवला तर ठिगळ कितीही गुळगुळीत असो, काम झालंच नाही असं धरावं.

मग धातूच बरा का? १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सचं बोइंग ७४७ कोसळून ५२० माणसं गेली. मूळ कारण सात वर्षांपूर्वीची चुकीची दुरुस्ती, आणि ती केबिनमधली हवा अडवणाऱ्या धातूच्या पडद्याची होती. उलट जुलै २०१३ मध्ये हीथ्रोवर उभ्या असलेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या ७८७ ला एका उपकरणातल्या बॅटरीमुळं आग लागून शेपटीजवळचं कंपोझिट छत जळालं. ते दुरुस्त होऊन विमान त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा उडालं. तरी कंपोझिटलाही अभय नाही. मार्च २००५ मध्ये क्युबाहून निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए-३१० चं कंपोझिटचं सुकाणू हवेतच जवळजवळ सगळं तुटून पडलं. वैमानिकांनी विमान सुखरूप परत उतरवलं.

कंपोझिटचं आणि विमान देखभालीचं काम परदेशातच चालतं असंही नाही. नागपूरच्या मिहानमध्ये ७८७ साठी कंपोझिटच्या तुळया तयार होतात. तिथंच बोइंगनं एअर इंडियासाठी उभारलेलं देखभाल केंद्र २०१५ पासून चालू आहे. शमशाबादलाही विमान देखभालीचे हँगर आहेत.

राहिला ‘पोचा दिसत नाही, म्हणजे लागलं नाही’ हा समज. पत्रा मार खाल्ला की दबून राहतो, चुगली करतो. कंपोझिट मार खाऊन पुन्हा सपाट होऊ शकतं आणि आतले थर सुटलेले असतात. असे न दिसणारे मार सोसूनही पुरेशी ताकद उरावी, असंच विमान बांधतात. पण सामानाच्या गाडीची जोरदार धडक त्या हिशेबापलीकडं जाऊ शकते, आणि ती बघणारा बहुतेक वेळा एकटा चालकच असतो. तुमच्या घरचं कुणी विमानतळावर सामान चढवायच्या किंवा शिडी लावायच्या कामाला असेल, तर पुढच्या फोनवर त्याला एवढं सांगा: गाडी विमानाला घासली, तर ओरखडा दिसो न दिसो, नोकरीची भीती न धरता लगेच इंजिनिअरला सांग.