एकमेव प्रतीची राखण

अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतली यंत्रे दुरुस्त करताना ‘प्रोग्राम चढत नाही’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी ४३० एफ २ मालिकेतल्या बऱ्याच चिपमध्ये प्रोग्राम चढवणारा बूटस्ट्रॅप लोडर कारखान्यातूनच येतो. ठरावीक पिनांवर नेमक्या क्रमाने इशारा दिला, की तो जागा होतो. उत्तर न आल्यास आधी तो क्रम, मग ९६०० बॉडचा वेग आणि सम पॅरिटी तपासावी. पासवर्ड मात्र अंदाजाने टाकू नये. तो ३२ बाइटांचा, आतल्याच प्रोग्रामच्या इंटरप्ट व्हेक्टर तक्त्यातला असतो. चुकला, तर मूळ मांडणीत चिप सगळा प्रोग्राम पुसून टाकते. कोऱ्या चिपमध्ये गमावण्यासारखे काही नसते. पण लिहिणारा निघून गेला, नक्कल कुणी ठेवली नाही, तर चिपमधली ती एकमेव पोथीच असते.