स्वयंचलित गिअर आणि इंधनाचा हिशेब

अमरावती–नागपूर महामार्गावर आज क्लचचे पायटे नसलेल्या मोटारी सर्रास दिसतात. तरीही गाडी घेताना घरातले वडीलधारे बजावतात, "स्वयंचलित गाडी पेट्रोल फार पिते." ही समजूत निराधार नव्हती.

जुन्या स्वयंचलित गाडीत इंजिन व गिअरपेटी यांचा थेट सांधा नसे. तेलाने भरलेल्या बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर असत. इंजिनाचा पंखा तेल फिरवी आणि ते तेल दुसऱ्या पंख्याला ढकली. यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दुसरा पंखा काहीसा मागेच राही. त्या फरकातील शक्ती तेल तापविण्यात वाया जाई. शिवाय तेलाचा दाब राखणारा पंपही इंजिनाच्याच जिवावर चाले, आणि गिअर तीन किंवा चारच असत. पुढे अभियंत्यांनी वेग स्थिरावताच दोन्ही पंखे घट्ट जोडणारा क्लच बसविला, गिअरही वाढविले.

आपल्याकडील लहान गाड्यांसाठी मात्र वेगळा व स्वस्त मार्ग निघाला. नेहमीचीच हाताने बदलायची गिअरपेटी ठेवायची आणि क्लच दाबण्याचे, दांडा हलविण्याचे काम तेवढे यंत्राकडे द्यायचे. २०१४ साली मारुतीची सेलेरियो अशी आली. तिच्या दोन्ही प्रकारांचे जाहीर मायलेज सारखेच होते : लिटरला २३.१ किलोमीटर. २०१५ च्या टाटा नॅनोत मात्र हातगिअरला २३.६ आणि स्वयंचलितला २१.९ असा फरक राहिला. तंत्र एकच असले तरी बचत आपोआप पदरात पडत नाही, हे यावरून कळावे. (हे आकडे प्रयोगशाळेतील रुळांवर, ठरावीक वेगक्रमाने गाडी चालवून काढलेले असतात. पुण्यात १९६६ पासून कार्यरत असलेली 'एआरएआय' संस्था अशा चाचण्या करते. रस्त्यावर त्याहून कमीच मिळते.)

खरी कसोटी असते ती गिअर केव्हा बदलावा, हे ठरविण्याची. तेवढ्याच वेगासाठी इंजिन संथ फिरून अधिक जोर लावत असेल, तर इंधन कमी लागते. म्हणून वरचा गिअर लवकर टाकणे फायद्याचे. पण तो फार लवकर पडला, तर इंजिन धापा टाकू लागते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना अशी गाडी तिसरा-दुसरा, दुसरा-तिसरा करीत अडखळते. म्हणून चढ ओळखून खालचा गिअर धरून ठेवण्याची सूचना संगणकात भरावी लागते. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते, तो धक्का टाळण्यासाठी दोन क्लचांची रचना आहे : एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम, पुढचा गिअर आधीच तयार. टाटा मोटर्सने २०२२ मध्ये अल्ट्रोझ गाडीत ती दिली. ती महाग पडते, हे खरे.

ज्यांचा डावा पाय अधू आहे किंवा गुडघ्याने दगा दिला आहे, त्यांच्या दृष्टीने ही चैन नव्हे. लिटरमागे दीड-दोन किलोमीटर कमी मिळाले, तरी त्यांनी ती खुशाल घ्यावी, असे माझे मत.

वापरताना दोन गोष्टी पाळाव्यात. क्लच यंत्राने दाबला जाणारी गाडी चढावर केवळ ॲक्सिलरेटरच्या आधारे थोपवून धरू नये, क्लच जळतो, ब्रेक लावावा. घाट उतरताना दांडा 'एम'वर नेऊन खालचा गिअर धरावा, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही.