प्रमाणाचा वारसा : लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमधील अमेरिकन बार

लंडनमधील स्ट्रँड हा रस्ता आणि थेम्स नदी यांच्या मध्ये उभे असलेले सॅव्हॉय हॉटेल ६ ऑगस्ट १८८९ रोजी सुरू झाले. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिका रंगभूमीवर आणणारे नाट्यनिर्माते रिचर्ड डॉयली कार्ट यांनी त्या प्रयोगांच्या उत्पन्नातून ते उभारले, आणि विजेचे दिवे व विजेवर चालणाऱ्या लिफ्ट यांमुळे ते त्या काळातील अत्याधुनिक हॉटेलांत गणले जाई. तेथील अमेरिकन बार १८९३ मध्ये सुरू झाला आणि १९०४ पासून तो सध्याच्या जागी आहे. मद्ये, फळांचे रस, कडवट अर्क आणि बर्फ यांच्या ठरावीक प्रमाणातील मिश्रणाला कॉकटेल म्हणतात. अमेरिकेत रुळलेली ही पेये जेथे मिळत, अशा युरोपातील मद्यालयांना त्या काळी अमेरिकन बार हेच सर्वसाधारण नाव होते.

आर्ट डेको ही शैली १९२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या सजावटी कलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनामुळे जगभर पोहोचली. पायऱ्यापायऱ्यांनी चढणारे आकार, गोलावलेले कोपरे, समांतर रेषा आणि काच, आरसे व चकचकीत धातू यांचा मोकळा वापर ही तिची लक्षणे मुंबईकरांना मरीन ड्राइव्हवरील इमारतींमुळे आणि रीगल, इरॉस या चित्रपटगृहांमुळे परिचित आहेत. सॅव्हॉयच्या स्ट्रँडकडील प्रवेशद्वारावर १९२९ मध्ये स्टेनलेस स्टीलचे छत आले आणि त्याच वर्षी हॉटेलला लागून असलेले सॅव्हॉय थिएटर बेझिल आयोनिडेस यांच्या सजावटीसह नव्या रूपात खुले झाले. बारच्या दालनातील फिके रंग, वक्र रेषा, भिंतींवरील कृष्णधवल छायाचित्रे आणि पियानो यांचा मेळ याच परंपरेतला आहे. तथापि या बारचे खरे मोल दालनापेक्षा तेथे सव्वाशेहून अधिक वर्षे जोपासल्या गेलेल्या कारागिरीत आहे, आणि ती कारागिरी मुख्य बारटेंडरांच्या परंपरेतून समजून घ्यावी लागते.

या परंपरेतील पहिले मोठे नाव एडा कोलमन यांचे. स्त्रियांना असे पद क्वचितच मिळणाऱ्या काळात, १९०३ पासून दोन दशकांहून अधिक काळ, त्यांनी बारची धुरा वाहिली. नट चार्ल्स हॉट्री यांच्यासाठी त्यांनी सिद्ध केलेल्या हँकी पँकी या कॉकटेलमध्ये जिन आणि गोड व्हर्मुथ, म्हणजे वनस्पतींनी सुगंधित केलेली वाईन, समप्रमाणात असतात आणि फर्नेट ब्रांका या कडू इटालियन मद्याचे केवळ काही थेंब पडतात. गोडव्याला आवर घालण्यासाठी कडवटपणा किती थोडा पुरतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

कोलमन यांच्यानंतर बारची सूत्रे हॅरी क्रॅडॉक यांच्याकडे आली. जन्माने इंग्रज असलेल्या क्रॅडॉक यांनी हा व्यवसाय अमेरिकेत केला होता; १९२० मध्ये तेथे देशव्यापी दारूबंदी लागू झाल्यावर ते मायदेशी परतले, आणि एका देशाने बेकायदा ठरवलेले कसब दुसऱ्या देशात आदराने नांदू लागले. त्यांच्या 'द सॅव्हॉय कॉकटेल बुक' या १९३० च्या ग्रंथात सुमारे ७५० कृती आहेत आणि त्याची सजावट गिल्बर्ट रंबोल्ड यांनी आर्ट डेको शैलीत केली आहे. अनेक कृतींतील प्रमाणे अपूर्णांकांत दिली आहेत: व्हाइट लेडी म्हणजे अर्धा भाग जिन, पाव भाग लिंबाचा रस आणि पाव भाग क्वांत्रो, म्हणजे संत्र्याच्या सालींपासून केलेले गोड मद्य. पेला लहान असो वा मोठा, आंबट, गोड आणि तीव्र यांचे नाते बदलत नाही, आणि त्यामुळेच ही कृती बारबाहेर कोणालाही वापरता येते. हँकी पँकीलाही याच ग्रंथात स्थान मिळाल्याने कोलमन यांची निर्मिती त्यांच्या निवृत्तीनंतरही टिकून राहिली.

प्रमाणाइतकेच महत्त्व बर्फाला आहे. बर्फ पेय थंड करतो आणि वितळताना त्यात पाणी सोडून मद्याची धार कमी करतो. म्हणून एकदा वापरलेला बर्फ पुन्हा वापरू नये, असे क्रॅडॉक बजावतात. फळांचा रस असलेले पेय शेकर या झाकणबंद धातूच्या भांड्यात हलवले की त्यात हवा मिसळून ते फेसाळते, तर केवळ मद्यांचे मिश्रण आज बहुधा लांब दांड्याच्या चमच्याने ढवळतात, जेणेकरून ते नितळ राहते. किती वेळ हलवावे किंवा ढवळावे, हे ग्रंथावरून पुरते कळत नाही. ते अनुभवी बारटेंडरजवळ काम करूनच हाताला कळते.

पुढे मुख्य बारटेंडर जो गिल्मोर यांनी १९६९ मध्ये मानवाच्या चंद्रावतरणानिमित्त ग्रेपफ्रूटचा रस, संत्र्याचे मद्य, गुलाबजल आणि शँपेन यांपासून मूनवॉक हे पेय रचले, तर २०२१ मध्ये शॅनन टेबे यांच्या रूपाने कोलमन यांच्यानंतर प्रथमच एक स्त्री मुख्य बारटेंडर झाली. डिसेंबर २००७ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालेले हॉटेल १० ऑक्टोबर २०१० रोजी पुन्हा उघडले, आणि २०१७ मध्ये हा बार जगातील पन्नास सर्वोत्तम बारच्या यादीत अग्रस्थानी आला. हा सन्मान जुन्या वास्तूपुरता मानणे अपुरे ठरेल. लिहून ठेवलेले प्रमाण आणि ते पेल्यात उतरवणारा शिक्षित हात, या दोहोंची साखळी येथे तुटू दिली गेली नाही, आणि वारसा म्हणून जपण्याजोगी गोष्ट हीच आहे.