वर्डस्टार पुन्हा चालू करताना: आठव्या बिटाची गोष्ट

बडोद्यात मोडी दफ्तरांच्या याद्या करणाऱ्या आमच्यापैकी अनेकांनी संगणकावर पहिली ओळ लिहिली ती वर्डस्टारमध्ये. त्या फ्लॉप्या अजून कपाटांत आहेत. काही याद्यांची कागदी प्रत आता उरलेली नाही, म्हणून हा खटाटोप.

वर्डस्टार १९७८चा. माउस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि वर आज्ञांची यादी. कंट्रोल दाबून एस, डी, ई, एक्स या कळांनी कर्सर अनुक्रमे डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली जातो. बोटं अक्षरांवरून हलत नाहीत, त्यामुळे सलग लिहायला आजही मजा येते. कॅनडाचे विज्ञानकथालेखक रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ साली सातव्या आवृत्तीचा संच, माहितीपुस्तकांसह, सर्वांसाठी खुला केला. डॉसबॉक्स-एक्समध्ये तो नव्या लॅपटॉपवर चालतो. लिनक्सवर ‘जेस्टार’ घेतलं तरी कळा त्याच.

लिहिणं सोपं आहे. खरी मेख जुन्या फायली वाचण्यात आहे. इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरतात. वर्डस्टारच्या जुन्या आवृत्त्या मोकळा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरत, मुख्यतः शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर. म्हणजे ‘ई’चा १०१ हा क्रमांक १२८ मिळून २२९ होतो, आणि नव्या संपादकात प्रत्येक शब्दाचं शेपूट बिघडलेलं दिसतं. उपाय सरळ: १२८ वजा करणारी छोटी आज्ञा.

पण हाच उपाय मराठी फाइलवर चालवला तर मजकूर गेलाच म्हणून समजा! पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर मराठी आली, आणि तिची अक्षरं बसवली होती नेमकी १२८च्या वरच्या जागांत. १९९१च्या इस्की प्रमाणात ‘क’ म्हणजे १७९. त्यातून १२८ काढले की उरतात ५१, म्हणजे इंग्रजी आकडा ३. एकदा तसं जतन केलं की हा आकडा मूळचा की ‘क’चा, हे फाइल सांगू शकत नाही.

तेव्हा आधी फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत काढावी आणि काम प्रतीवरच करावं. इंग्रजी व मराठी फायली वेगळ्या कराव्यात. मराठी फाइल कोष्टक लावून युनिकोडमध्ये न्यावी. पीसी-इस्कीचा क्रम थोडा वेगळा असतो, म्हणून गावांची, घराण्यांची ओळखीची नावं आधी जुळवून बघावीत. ती बरोबर उमटली की पुढचं निर्धास्त करा.