मोटारीचा मिटणारा आरसा

आमच्या नगर शहरांत (२०२४ सालापासून त्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर झालें आहे) रणगाड्यांचें एक संग्रहालय आहे. तें १९९४ सालीं उघडलें. शाळेंतील मुलांना तेथें घेऊन गेलों म्हणजे मी त्यांना एक प्रश्न हटकून विचारीत असें : वरचें झांकण लावून आंत बसलेल्या चालकाला बाहेरचें दिसतें कसें ? पेरिस्कोपमधून त्याला समोरचा थोडासाच भाग दिसतो. मागें काय आहे तें त्याला रणगाड्याच्या नायकाकडूनच कळावयाचें. आपल्या घरच्या मोटारींत असा नायक नसतो. त्याचें काम दारावरचे दोन आरसे करीत असतात, आणि तें ते मुकाट्यानें करीत असल्यामुळें त्यांची आठवण ते बिघडल्यावरच होते.

बटण दाबतांच मिटणारा आणि उघडणारा आरसा ही जपानची देणगी होय. त्या देशांत १९८३ पर्यंत मोटारीचे आरसे दारावर नसून पुढच्या मडगार्डांवर असत. त्या सालीं नियम शिथिल झाले व आरसे दारावर आले. परंतु अरुंद गल्ल्यांतून ते आड येऊं लागले. तेव्हां १९८४ सालीं निस्सान लॉरेल या गाडीस विजेनें मिटणारे आरसे बसविण्यांत आले. आमच्या कापड बाजारांत ज्यानें एकदां गाडी उभी केली असेल, त्याला या सोयीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

पण सोय जुनी झाली म्हणजे कधीं कधीं संकट होते. माझ्या जुन्या गाडीचा डावा आरसा एके दिवशीं सकाळीं मिटलेला राहिला तो उघडेना. राहुरीपर्यंतच तर जावयाचें, असें म्हणून मी तसाच निघालों. उसाचा हंगाम होता. मनमाड रस्त्यावर मागून एक मालमोटार भोंगा वाजवीत आली, म्हणून तिला वाट देण्यासाठीं मीं गाडी डावीकडे घेतली. तोंच अगदीं दाराजवळून एका बाईची किंकाळी ऐकूं आली. माझ्या डाव्या अंगास एक मोटारसायकल होती. तिच्यावर नवरा, बायको आणि मधें एक मूल. मीं ब्रेक दाबला आणि ते बचावले. दोष आरशाचा नव्हता. तो मिटलेला आहे हें ठाऊक असूनहि निघणाऱ्याचा होता. त्या दिवसापासून मीं या आरशाची रचना नीट समजून घेतली.

आरशाच्या बुडाशीं, दाराला जोडलेल्या खुंटाभोंवतीं, ही सारी यंत्ररचना असते. तींत अंगठ्याएवढी विजेची मोटर असून ती गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. तिचा वेग फार, पण जोर थोडा. आरसा फिरविण्यास तर वेग थोडा आणि जोर फार लागतो. यासाठीं मोटरीच्या दांड्यावर मळसूत्रासारखें एक चाक बसवितात. तें दुसऱ्या दांतेरी चाकास फिरवितें, दुसरें तिसऱ्यास, आणि प्रत्येक पायरीवर वेग कमी होऊन जोर वाढतो. यांतील पुष्कळशीं चाकें प्लॅस्टिकचीं असतात. वीज उलट दिशेनें सोडली कीं मोटर उलटी फिरते. म्हणून मिटणें व उघडणें हीं दोन्ही कामें त्याच दोन तारांवर होतात. आरसा टोंकाला जाऊन अडला म्हणजे मोटर अधिक वीज ओढूं लागते, आणि पुष्कळ गाड्यांत ही वाढ ओळखूनच पुरवठा तोडला जातो. याशिवाय खुंटावर एक जाड स्प्रिंग व खांचा असतात. गुरांचा किंवा सायकलीचा धक्का लागल्यास आरसा न मोडतां वळावा, आणि ज्याला तो लागला त्यालाहि इजा कमी व्हावी, हा त्यांचा हेतु.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे बिघाड पुष्कळदां कानानेंच ओळखतां येतो. इंजिन न चालवितां किल्ली फिरवावी, एकानें बटण दाबावें व दुसऱ्यानें आरशाजवळ कान द्यावा.

दोन्ही आरसे मुके असतील तर दोष बहुधा दोघांना सामाईक असलेल्या फ्यूजमध्यें किंवा बटणांत असतो. एकच मुका असेल तर त्याची मोटर किंवा त्याच्याकडे जाणारी तार पाहावी. दार व गाडीचा खांब यांच्यामध्यें रबराची एक नळी असते. तींतील तारा दार उघडतां-मिटतां वर्षानुवर्षें वांकतात आणि आंतल्या आंत तुटतात. दाराच्या आंतील आच्छादन काढून, आरशाकडे जाणाऱ्या जोडणीवर १२ व्होल्टचा लहान दिवा लावावा व बटण दाबावें. दिवा लागला तर वीज येते आहे, दोष आरशांत आहे. न लागला तर दोष अलीकडे आहे.

मोटरीची घरघर ऐकूं येते, पण आरसा हालत नाहीं, तेव्हां चाकाचे दांते झिजले किंवा तुटले असें समजावें. आरसा अर्ध्यावरच थांबत असेल तर धूळ आणि वाळून घट्ट झालेलें ग्रीस यांचा संशय घ्यावा. अवर्षणाच्या आमच्या जिल्ह्यांत धुळीला तोटा नाहीं. आणि धक्का लागल्यानंतर कट्कट् आवाज येत असेल तर बहुधा खांच सुटलेली असते. तेव्हां हातानें जोर न करतां बटणानेंच आरसा दोनतीनदां मिटवून उघडावा. पुष्कळदां तो आपल्या जागीं बसतो.

दांते तुटले असतील तर आरसा उघडावा लागतो. प्रथम बॅटरीची तार सोडावी. कांच बहुधा मागून क्लिपांनीं बसविलेली असते. कडेखालीं कापड गुंडाळलेली लांकडी पट्टी घालून ती हलकेच सोडवावी. थंडीच्या सकाळीं प्लॅस्टिक ठिसूळ असतें, म्हणून हें काम उन्हांत करावें. कांचेमागें ती तापविण्याच्या तारा असल्यास त्या ओढूं नयेत. मग स्क्रू काढावे व प्रत्येक टप्प्याचें छायाचित्र घ्यावें. जोडतांना स्मरणशक्तीपेक्षां तें अधिक विश्वासू ठरतें. खुंटावरील स्प्रिंग जोरानें दाबलेली असते. ती उसळून डोळ्यास इजा करूं शकते. तेवढें काम अनुभवी कारागिराकडे द्यावें, हें उत्तम.

मोडलेलें चाक जपून ठेवावें. त्याचे दांते, बाहेरचा व्यास व मधलें भोंक मोजून तसेंच चाक आणवितां येतें. पितळेचें चाक मिळाल्यास तें अधिक टिकतें खरें. परंतु धूळ व घट्ट ग्रीस तसेंच राहिलें, तर तो ताण पुढच्या प्लॅस्टिकच्या चाकावर जातो. म्हणून सारीं चाकें पुसून, प्लॅस्टिकला मानवणारें पातळ ग्रीस बेताचेंच लावावें. पेट्रोलनें धुण्याचा मोह टाळावा. कांहीं प्लॅस्टिकें त्यानें खराब होतात.

पुष्कळ ठिकाणीं "सबंध आरसा बदला" असाच सल्ला मिळतो. कवच फुटलें असेल, पाणी शिरून मोटर गंजली असेल, तर तो योग्यच आहे. परंतु नखाएवढ्या चाकासाठीं सबंध आरसा टाकण्यापूर्वीं तो एकदां उघडून पाहावयास काय हरकत आहे ?

दुरुस्ती लांबणीवर पडत असेल तर मात्र एक गोष्ट त्याच दिवशीं करावी. आरसा उघड्या स्थितींत आणून खांचेंत पक्का बसवावा, आणि मिटविण्याच्या तारेची जोडणी सोडून ठेवावी. गल्लींत तो थोडा आड येईल, एखादा ओरखडा पडेल, तें चालेल. मिटण्यावांचून आरशाचें अडत नाहीं, उघडण्यावांचून मात्र रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाचें तरी अडतें. माझा डावा आरसा असा दोन महिने उघडाच होता. आतां त्याला नवें चाक बसलें आहे. तरीहि निघण्यापूर्वीं दोन्हीकडे एकेकदां पाहावयाची संवय मीं सोडलेली नाहीं. आपणांसहि ती लागावी, एवढीच विनंती.