क्रम, अवसर आणि प्रत्युत्तर : संग्राह्य पत्त्यांच्या खेळांतील कालनियम

प्रस्तावना :

पत्त्यांच्या डावातील बहुतेक भांडणे 'आधी कोण बोलले' या एकाच प्रश्नावर येऊन ठेपतात. नरखेड तालुक्यातील एखाद्या गावच्या पारावर असो वा शहरातील वसतिगृहाच्या खोलीत असो, 'चॅलेंज'चा डाव रंगला की हा प्रश्न उपस्थित होतोच. एक खेळाडू 'तीन राण्या' असे म्हणून पत्ते पालथे टाकतो. त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचा हक्क इतरांना असतो. परंतु पुढच्या खेळाडूने आपले पत्ते टाकले की तो हक्क संपतो. शब्द तोंडातून निघाला आणि त्याच क्षणी पुढच्याचा हातही पडला, तर निर्णय कसा द्यावा? आपल्याकडील प्रचलित खेळ याचे उत्तर मंडळींच्या समजुतीवर सोडतात. गेल्या तीन दशकांत जगभर पसरलेल्या संग्राह्य पत्त्यांच्या खेळांना, म्हणजेच 'ट्रेडिंग कार्ड गेम'ना, मात्र या प्रश्नासाठी सविस्तर नियमशास्त्र उभारावे लागले. प्रस्तुत लेखात त्या नियमांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पारंपरिक खेळांतील अवसर :

मेंढीकोटात चौघे खेळाडू क्रमाने एकेक पत्ता टाकतात आणि हात पूर्ण होतो. प्रत्येकास प्रत्येक हातात बोलण्याची एकच संधी मिळते. उत्तराला प्रत्युत्तर देण्याची सोय नाही. बंद हुकुमाच्या प्रकारात तेवढा एक अपवाद आढळतो. उतारी झालेल्या रंगाचा पत्ता ज्याच्याकडे नाही, तो हुकूम उघडण्याची मागणी करू शकतो, आणि ती नेमकी केव्हा करावी यात बरेच कौशल्य असते. सावंतवाडीच्या १२० पत्त्यांच्या दशावतारी गंजिफ्यातही काळाचा विचार आहे, पण तो वेगळ्या अंगाने : दिवसा राम आणि रात्री कृष्ण ज्याच्या हाती, त्याने डाव सुरू करायचा. म्हणजे आरंभ कोणी करावा हे काळाने ठरते. मधेच कोणी कोणाला अडवू शकत नाही.

चळतीचा नियम :

गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या संस्थेने बाजारात आणला. त्यात एकाने मंत्र उच्चारला की प्रतिपक्ष त्यावर दुसरा मंत्र टाकू शकतो, त्यावर पहिला पुन्हा तिसरा टाकू शकतो. अशा वेळी कोणता मंत्र आधी फळावा? आरंभीच्या वर्षांतील नियम गुंतागुंतीचे होते. काही पत्ते 'इंटरप्ट' या वेगळ्या वर्गात मोडत व त्यांना साधारण मंत्रांहून अधिक वेगवान मानले जाई. शिवाय एकत्र साठलेल्या मंत्रांचा निकाल लागू लागला की मधे नवा मंत्र घालता येत नसे. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीने ही सारी व्यवस्था मोडीत काढली आणि तिच्या जागी 'स्टॅक' आणला.

स्टॅक या शब्दास मराठीत 'चळत' हा नेमका प्रतिशब्द आहे. संत्र्याचे कॅरेट एकावर एक रचले की सर्वांत शेवटी ठेवलेले कॅरेट सर्वांत आधी उतरवावे लागते, हे काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात कोणास सांगण्याची गरज नाही. मंत्रांचेही तसेच. शेवटी उच्चारलेला आधी फळतो, पहिला सर्वांत शेवटी. संगणकशास्त्रात हीच रचना त्याच नावाने परिचित आहे.

या नियमाचा परिणाम एका उदाहरणाने लक्षात येईल. एका खेळाडूपाशी २ बळ व २ सहनशक्ती असलेला प्राणी आहे. प्रतिपक्ष त्यावर ३ इजा करणारा 'लाइटनिंग बोल्ट' टाकतो. उत्तरादाखल प्राण्याचा धनी 'जायंट ग्रोथ' टाकतो, ज्यामुळे पाळी संपेपर्यंत बळ व सहनशक्ती प्रत्येकी ३ ने वाढतात. शेवटचा मंत्र आधी फळल्याने सहनशक्ती ५ होते आणि ३ इजा सोसून प्राणी वाचतो. आता क्रम उलटा करावा. धन्याने उतावीळपणे आधी 'जायंट ग्रोथ' टाकला आणि त्यावर प्रतिपक्षाने 'बोल्ट' टाकला, तर बोल्ट आधी फळेल, प्राणी मरेल आणि वाढीच्या मंत्राला लक्ष्यच उरणार नाही. पत्ते तेच, प्राणी तोच. निकाल मात्र विरुद्ध. म्हणूनच या खेळात पत्ता हाती असणे आणि तो थोपवून धरता येणे या दोन स्वतंत्र गोष्टी मानाव्या लागतात. (पाळीच्या अखेरीस वाढ आणि इजा दोन्ही एकाच क्षणी पुसल्या जातात. तसे नसते तर वाचलेला प्राणी वाढ ओसरताच मेला असता!)

चळतीइतकेच महत्त्व 'प्रायॉरिटी'ला, म्हणजे कृतीच्या अधिकाराला आहे. हा अधिकार एका वेळी एकाच खेळाडूकडे असतो. तो वापरायचा किंवा सोडायचा; सर्वांनी ओळीने सोडला तरच चळतीवरील एक मंत्र फळतो, आणि मग ज्याची पाळी आहे त्याच्याकडे अधिकार परत येतो. 'चॅलेंज'मधील वाद येथे मुळातच उद्भवत नाही, कारण दोघांना एकाच क्षणी बोलण्याचा हक्कच नाही. हात चपळ असणाऱ्याला अनुचित लाभ न मिळता संथ विचार करणाऱ्यासही उत्तराची हमी मिळते, हे या नियमाचे खरे मोल होय. अर्थात, प्रत्येक टप्प्यावर 'सोडला, सोडला' म्हणत बसल्यास डाव संपणारच नाही. म्हणून स्पर्धांतही काही संकेत गृहीत धरले जातात.

नियमकर्त्यांनी पुढे या चळतीला मुरडही घातली. १९९९ नंतर द्वंद्वातील इजादेखील चळतीवर जाई, त्यामुळे इजा नोंदवून झाल्यावर प्राण्याचा बळी देऊन दुसरा लाभ उपटता येई. तरीही त्याचा घाव मात्र बसे. जाणकारांना ही युक्ती प्रिय होती, नवख्यांना ती अन्यायाची वाटे. २००९ मध्ये ती बंद करण्यात आली. त्याआधी २००६ मध्ये 'स्प्लिट सेकंड' हा गुणधर्म आला. तो असलेला मंत्र चळतीवर असेपर्यंत दुसरा मंत्र टाकताच येत नाही.

'जेव्हा' आणि 'जर' :

जपानमध्ये १९९९ पासून कोनामी कंपनी काढत असलेल्या 'युगिओह' खेळात चळतीऐवजी 'साखळी' आहे. तीही शेवटाकडून सुटते, परंतु सुटू लागल्यावर तिच्यात नवा दुवा जोडता येत नाही. परिणामांना १ ते ३ असे वेग दिलेले असून, उत्तराचा वेग किमान २ आणि आधीच्या दुव्याइतका तरी असावा लागतो. ३ वेगाच्या प्रतिसापळ्यास केवळ ३ वेगाचेच उत्तर चालते.

येथील सर्वांत वादग्रस्त प्रकार 'वेळ चुकणे' हा होय. पत्त्यावर 'अमुक घडते तेव्हा तुम्ही हे करू शकता' असे लिहिले असल्यास, ती घटना सर्वांत शेवटी घडलेली असणे आवश्यक असते. साखळीच्या दुसऱ्या दुव्याने प्राणी नष्ट झाला आणि त्यानंतर पहिल्या दुव्याचा परिणाम घडला, तर ती शेवटची घटना राहत नाही आणि ऐच्छिक हक्क बुडतो. तेथेच 'जर अमुक घडले' अशी शब्दयोजना असल्यास हक्क अबाधित राहतो. मराठी वाचकास 'जेव्हा' आणि 'जर' यांतील हा भेद अतिसूक्ष्म वाटेल, आणि नवख्या मुलाचा डाव अशा एका अव्ययावर जावा हे फारसे समाधानकारक नाही.

याउलट १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'पोकेमॉन'च्या पत्त्यांत प्रतिपक्षाच्या पाळीत हातातील पत्ता टाकून उत्तर देण्याची सोय जवळजवळ ठेवलेलीच नाही. लहान मुलांना तो लवकर उमगण्यामागे हे एक प्रमुख कारण असावे.

यंत्र आणि विलंब :

अटींची पूर्तता होताच आपोआप फळणारे परिणाम चळतीवर येत राहिले तर काय होऊ शकते, याचे टोकाचे उदाहरण २०१९ मध्ये पुढे आले. ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी 'मॅजिक'च्या पत्त्यांतून ट्यूरिंग यंत्र रचता येते असे दाखवले. अशा स्थितीत खेळाडूंना निवड करण्यास काहीच उरत नसले, तरी डाव कोण जिंकेल हे ठरवणारी सर्वसाधारण गणनपद्धती अस्तित्वात असू शकत नाही.

संगणकावरील खेळात अधिकार सोडण्याचे काम बरेचसे यंत्रच करते, पण त्यातून एक नवी अडचण उद्भवते. खेळाडूपाशी उत्तर देण्याजोगा पत्ता असेल तेव्हाच यंत्र त्याच्यासाठी थांबले, तर ते थांबणेच प्रतिपक्षाला सूचना देऊन जाते. ही सूचना लपवायची तर पत्ता नसतानाही थांबावे लागते, आणि मग डाव रेंगाळतो. पारावरच्या 'चॅलेंज'मध्येही मुरलेला खेळाडू हातात काही नसताना क्षणभर विचारात पडल्याचे सोंग करतोच.