परदेशातले पदवी शिक्षण – लेखांक सहावा : नववीचे कमी गुण आणि अमेरिकेतला अर्ज

अमेरिकेतले हायस्कूल नववीला सुरू होते आणि बारावीला संपते. पदवी प्रवेशाच्या अर्जासोबत या संपूर्ण काळाची गुणनोंद, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, जाते. नव्या शाळेत, अडनिड्या वयात घसरलेले गुण त्यामुळे तीन वर्षांनी पुन्हा समोर येतात. ते लपवण्याची सोय नाही आणि बहुधा तशी गरजही नसते.

सरासरीचे गणित मात्र कठोर आहे. जीपीए ही सरासरी सर्वसाधारणपणे ४ पैकी मोजतात. नववीत २.६ मिळवणाऱ्याने दहावी-अकरावीत प्रत्येकी ३.९ मिळवले, तरी अर्जाच्या वेळी हाती ३.४७ च उरतात. हा एकच आकडा पाहून पुष्कळ मुले खचतात, आणि ते चुकीचे आहे. चोखंदळ महाविद्यालयांत ट्रान्सक्रिप्ट वर्षावार, विषयावार वाचली जाते. गुण चढत गेले का, हे तिथे पाहिले जाते. आणि चढताना विषयही अवघड होत गेले का, हे त्याहून बारकाईने पाहिले जाते. नववीत बीजगणितात सी आणि अकरावीत कॅल्क्युलसमध्ये ए, ही खरी चढण. सोपे विषय घेऊन वाढवलेली सरासरी अनुभवी वाचकाच्या लगेच लक्षात येते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे यूसीचा, नियम याबाबतीत विशेष उदार आहे. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंत घेतलेले विषयच तिथे जीपीएसाठी धरतात. नववीचे आवश्यक विषय किमान सी श्रेणीत पूर्ण केलेले असावे लागतात. त्या श्रेणी अर्जात दिसतात, पण सरासरीत मोजल्या जात नाहीत. नववीतच पाय घसरलेल्या विद्यार्थ्याने यूसीचा विचार म्हणूनच आधी करावा.

कमी गुणांचे कारण सांगायचे तर कुठे? हजाराहून अधिक महाविद्यालये स्वीकारतात त्या ‘कॉमन अॅप’ या सामायिक अर्जात त्यासाठी वेगळी जागा आहे. ‘आव्हाने आणि परिस्थिती’ या अर्थाच्या ऐच्छिक प्रश्नाला २५० शब्द मिळतात. ‘अतिरिक्त माहिती’ची मर्यादा २०२५-२६ च्या फेरीपासून ६५० शब्दांवरून ३०० वर आणली गेली आहे. कारण यांपैकी एका ठिकाणी द्यावे. ६५० शब्दांचा मुख्य निबंध त्यावर खर्च करू नये; विद्यार्थी कोण आहे हे स्वतःच्या शब्दांत सांगण्याची ती अर्जातली सर्वांत मोठी जागा असते.

खुलासा चार-पाच वाक्यांत संपावा. काय घडले, कोणत्या सत्रात घडले, त्याचा कोणत्या विषयांवर परिणाम झाला आणि पुढे काय बदलले, एवढेच त्यात असावे. उदाहरणार्थ : ‘नववीच्या दुसऱ्या सत्रात आईची शस्त्रक्रिया झाली. दोन महिने धाकट्या भावाची जबाबदारी माझ्यावर होती आणि गणित व विज्ञान मागे पडले. दहावीपासून शिक्षकांकडे शाळेनंतर थांबून दोन्ही विषय नव्याने केले.’ यात रडगाणे नाही, कुणावर खापर नाही आणि शेवटचे वाक्य गुणपत्रकाशी ताडून पाहता येते. सांगण्यासारखे कारणच नसेल, अभ्यासच केला नसेल, तर कारण रचू नये. अशा वेळी पुढच्या वर्षांचे चढते गुण पुरेसे बोलतात. आजारपण किंवा घरातली अडचण असेल तर शाळेच्या समुपदेशकाने शिफारसपत्रात तिचा उल्लेख केलेला अधिक वजनदार ठरतो.

महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांची अडचण इथेच सुरू होते. दहावीनंतर शाळा सुटते आणि कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक नववीतल्या मुलाला ओळखतही नसतात. म्हणून जुन्या शाळेकडून नववीचे शिक्का-सहीचे गुणपत्रक आणि, मिळाल्यास, मुख्याध्यापकांचे छोटे पत्र वेळेत घेऊन ठेवावे. टक्क्यांचे जीपीएत रूपांतर स्वतः करू नये. गुण जसे मिळाले तसेच लिहावेत. याहून गंभीर गोष्ट अकरावीची. ही परीक्षा बोर्डाची नसते, म्हणून जेईई किंवा नीटच्या क्लासपुढे ती पास होण्यापुरतीच दिली जाते. अमेरिकेतल्या बहुतेक चोखंदळ महाविद्यालयांच्या अर्जाची मुदत मात्र नोव्हेंबर ते जानेवारीत संपते. तेव्हा बारावीचा निकाल लागलेला नसतो आणि पूर्ण झालेले शेवटचे वर्ष अकरावीच असते. नववीची घसरण भरून काढण्याची सर्वांत मोठी संधी आपल्याकडे अशी वाया जाते.

बारावीतही सैल सोडून चालत नाही. शाळेला मध्यावधी गुण कळवावे लागतात आणि अंतिम गुण फार घसरले तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

सरासरी एवढे करूनही सावरली नाही, तर कम्युनिटी कॉलेजचा मार्ग उरतो. कॅलिफोर्नियातल्या अशा कॉलेजात साधारण दोन वर्षांत ६० सेमिस्टर युनिट पूर्ण करून यूसीच्या तिसऱ्या वर्षात जाता येते, आणि त्या निवडीत कॉलेजातल्या गुणांवर भर असतो. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ही सहा केंद्रे ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची हमीही देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो इथे ती मिळत नाही.